तळघराच्या अटीवर माझे ऐंशी एकर

नाही एल्विन, टोर्नेडोला घरं आठवत नाहीत, कुठे येऊन गेलो ते तो लिहूनही ठेवत नाही. तेव्हा “एकदा आला, आता परत आपल्याकडे कशाला येतोय” हे कारण मला पुन्हा पाठवू नकोस. दोन वर्षं तेच वाचतोय. भावाचं ऐकत नाहीस, आता कायद्याचं तरी ऐक.

मी, लॉयल प्रुइट, वय तेवीस, शिक्षण सहावी, तेही ओढूनताणून, मूळ राहणार डोव्हर क्रीक, कॅन्सस. सध्या वॉशिंग्टन राज्यात धरणाच्या कामावर दोराला लोंबकळून कड्यावरचे सैल दगड पाडतो. डोकं ठिकाणावर आहे, प्यायलेलो नाही, कोणी हात धरून लिहायला लावलेलं नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या दोरावरचा माणूस पडला, म्हणून मुकादमाने सगळ्यांनाच असा मृत्युपत्राचा कागद करायला सांगितलं.

एक. बाबांच्या एकशे साठ एकरांतले माझे निम्मे आईच्या नावे. एल्विनने ते कसावेत, पण तळघर खणल्यावर. तळघर स्वयंपाकघराच्या दारापासून दहा पावलांवर हवं. आईचं कंबरडं त्या वादळात मोडलंय. शेजारच्या योडरांच्या तळघरापर्यंत अर्धा मैल ती कशी पोचणार, ते तू एकदा तिची काठी घेऊन चालून बघ. पायऱ्या ठेंगण्या, धरायला दोन्हीकडे दांडा. दार आत उघडणारं. योडरांच्या बाहेर उघडणाऱ्या दारावर झाड पडलं आणि सहा जण दुसऱ्या दुपारपर्यंत आत बोंबलत बसले होते. शिवाय त्यात बटाटे भरायचे नाहीत. वहिनीला बरण्यांसाठी एक फळी. एकच.

दोन. माझं मनगटी घड्याळ गावाचे टेलिफोन जोडून देणाऱ्या मिस नेटी कॉब यांना. आमच्या टेलिफोनच्या एकाच तारेवर नऊ घरं. संकटाची एक लांब घंटा वाजली की सगळ्यांनी उचलायचं, ही रीत. पण दुकानदार गॉसेट माल आला की तीच घंटा वाजवायला लावायचा. त्या मे महिन्यातल्या दुपारी घंटा वाजली तेव्हा मी हात पुढे केला होता. बाबा म्हणाले, “बस खाली. पीच आले असतील गॉसेटकडे.” घंटा थांबेना. आई म्हणाली, “अगं बाई, केवढे आणलेत तरी!” सगळे हसलो. मीही. मग बाबा खेचरं सोडायला गोठ्याकडे गेले आणि आभाळातून वादळाची सोंड खाली उतरली. गोठा राहिला नाही, बाबाही नाहीत. मिस नेटी स्वतःच्या डोक्यावरचं छप्पर उडेपर्यंत घंटा वाजवत होत्या. गॉसेटला माझ्याकडून काही नाही. त्याने आपल्या पीचसाठी दुसरी घंटा शोधावी.

तीन. पिकअप एल्विनला. ती धक्का दिल्याशिवाय हलत नाही, दोघांचं जमेल.

नाताळात मी एवढं बोललो तर एल्विन म्हणतो, “आधी ट्रॅक्टर, मग तुझं भोक.” आणि आई म्हणते, “माझ्यासाठी नको रे खणू, मी बसेन टेबलाखाली.” ज्या टेबलाखाली तिचं कंबरडं मोडलं, त्याच. मी तिथेच कुदळ घेणार होतो, पण सिमेंट काय कुदळीने विकत मिळतं? म्हणून इथे परत आलो.

वरचं सगळं साक्षीदारांना वाचून दाखवलं. तोमास ऐकून म्हणाला, “झकास. पण तू मेल्याशिवाय हे लागू होत नाही ना?” मुकादम म्हणाला, “दोर नवीन आहे याचा. एवढ्यात नाही मरत.” दोघं हसले. मी मात्र कागद पुन्हा वरपासून वाचला. वादळांचा एप्रिल महिन्यावर आलाय आणि माझ्या मरण्यावर तळघर अडकवून ठेवणारा मीच शहाणा.

तरीही कागद रद्द करत नाही.

सही: लॉयल प्रुइट
साक्षीदार: सिगर्ड ब्रेक्के, मुकादम; तोमास अरिएता, दोरावरचा जोडीदार
धरणावरची कामगार वस्ती, रविवार, १ मार्च १९५३

ता. क. मरायची वाट न बघता मनीऑर्डर करतोय, आईच्या नावाने. ट्रॅक्टरच्या हप्त्याला यातला एक सेंटही नाही. सिमेंट, खडी आणि लोखंडी दार, वादळाच्या दिवसांआधी: एकशे पासष्ट डॉलर.