चार यंत्रं, तीन बॅटऱ्या

२९ सप्टेंबर, रविवार
मानस आणि सुरुची जेवायला आले. पुरणपोळी खाऊन झाल्यावर चिरंजीवांनी विषय काढला. आई, घर विकू या, फरीदाबादला एकटी काय करतेस, आमच्याकडे गुडगावला ये. गुडगावला म्हणजे एकोणिसाव्या मजल्यावर. कबुतरं राहतात तिथे. मागच्या अंगणात गवत गुडघ्यापर्यंत आलंय म्हणे. आलंय. ऑगस्टमध्ये माळ्याला, रामनिवासला, मीच काढलं. मेंदीचं कुंपण वाकडं कापायचा.
दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये तीस वर्षं काढून आम्ही हे घर बांधलं. माझे यजमान दीनानाथ त्यात जेमतेम सहा वर्षं राहिले. मी सोडणार नाही.
करार कागदावर घेतला: २७ ऑक्टोबरपर्यंत अंगण मी स्वतः नीट केलं तर विषय बंद. नाहीतर दलालाला बोलवावं. मसुदा माझाच. मानस म्हणाला, आई, पक्कं? म्हटलं, एकदम पक्कं.

१ ऑक्टोबर
तोडगा सापडला. बॅटरीवरची यंत्रं! वायर नाही, पेट्रोल नाही. व्हिडिओत सत्तरीची अमेरिकन बाई लिपस्टिक लावून एकरभर गवत कापते. मी तर अजून अडुसष्टचीच.
यादी: गवत कापायचं, कुंपण छाटायचं, पानं उडवायचा ब्लोअर, ड्रिल (फाटक लोंबतंय).
मानसचा फोन. आई, सगळं एकाच कंपनीचं घे, एकच बॅटरी सगळ्यांत चालते. एकच कंपनी! आमच्या सरकारी खरेदी विभागात असं टिपण कुणी लिहिलं असतं तर त्याची चौकशी लागली असती. प्रत्येक वस्तूला तीन कोटेशन्स, सर्वांत कमी दर, ऑर्डर. चौतीस वर्षं असंच केलं. देश बुडाला नाही.

५ ऑक्टोबर
बारा कोटेशन्स. कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट तयार. चारही वस्तू चार वेगळ्या कंपन्यांच्या. निःपक्षपातीपणा म्हणतात तो हा. ड्रिल बॅटरीशिवाय सर्वांत स्वस्त, म्हणून तेच. दुकानदार म्हणाला, मॅडमजी, बैटरी अलग से लेनी पड़ेगी. त्याला सांगितलं, बाकी तिन्ही यंत्रांच्या येताहेत, मला मूर्ख समजू नका.

११ ऑक्टोबर
खोकी आली. हिरवं, पिवळं, लाल, निळं. बॅटऱ्या तीन, चार्जर तीन. ड्रिलमध्ये एकही बॅटरी जात नाही. वरवंट्याने हलकेच ठोकून पाहिली. तरी नाही. चारही कंपन्यांना इंग्रजीत कडक पत्रं लिहिली. शाळेतल्या सिस्टर फिलोमिना असत्या तर वर्गात वाचून दाखवली असती.

१२ ऑक्टोबर, दसरा
यंत्रांची रीतसर पूजा. झेंडू, हळदकुंकू. गवत कापायच्या हिरव्या यंत्राच्या बॅटरीत थोडं कुंकू गेलं बहुतेक. तांबडा दिवा लागतो, हिरवा लागत नाही.

१५ ऑक्टोबर
टूथब्रशने कुंकू काढलं. गवत कापलं! अकरा मिनिटं. फाटकापासून लिंबापर्यंत. मग बॅटरी संपली. चार्जिंगला चार तास. दुसऱ्या तासाला वीज गेली.
या वेगाने किती दिवस लागतील याचा हिशोब केला. फाडला.

१८ ऑक्टोबर
कुंपण. यंत्र जड आहे, हे व्हिडिओतली बाई सांगत नाही. कुंपणाला खिडकी पडली. तिच्यातून शेजारच्या चड्ढांचं डायनिंग टेबल दिसतं. मिसेस चड्ढांनी हात हलवला. मी डावा हलवला. उजवा वर जात नाही.

२१ ऑक्टोबर
ब्लोअर उत्तम! सगळी पानं चड्ढांच्या धुतलेल्या गाडीवर. मिस्टर चड्ढा म्हणाले, आंटीजी, ये क्या किया? म्हटलं, जामुन आपका, पत्ते आपके, मैंने सिर्फ़ वापस किए. आंटीजी म्हणे! स्वतः पासष्टचे आहेत.

२४ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतात, खांद्याचा स्नायू दुखावलाय, सहा आठवडे कपसुद्धा उचलायचा नाही. डाव्या हाताने लिहितेय.
रामनिवास फाटकाशी सायकल घेऊन थांबला. मेमसाब, काट दूँ? दो घंटे का काम है. दोन तास! नाही म्हटलं. करारात ‘स्वतः’ लिहिलंय. तो शब्द मानसने मागितला नव्हता. मीच घातला.

२७ ऑक्टोबर, रविवार
मुदतवाढीचा अर्ज तयार ठेवला होता, कारणांसहित. मानसने वाचला नाही. व्हरांड्यात फरशीवर बसला आणि प्रत्येक बॅटरी प्रत्येक यंत्रात घालून पाहिली. ज्याची त्याच्यातच जाते. तो हसेल म्हणून मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. हसला नाही. सुरुची म्हणाली, आई, खांदा शेकून देऊ का? मी हो म्हटलं.

१० नोव्हेंबर
दलालाने एक जोडपं आणलं. भली माणसं. बाई अंगणात उतरली, गवताकडे बघून नवऱ्याला म्हणाली, घास का क्या है, पूरा पक्का करवा लेंगे, दो गाड़ियाँ आराम से आ जाएँगी.
मी तोंड उघडलं.
मग विचारलं, चाय लेंगे आप लोग?
घेतला. बाईंना साखर कमी लागते.