हजेरीचे दगड

५ डिसेंबर २०१५, शनिवार

पोचले एकदाची! अकोटहून अमरावती, तिथून वरूड, आणि वरूडहून संत्र्याचे रिकामे कॅरेट घेऊन परतणाऱ्या मिनीट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून थेट डोंगराच्या पायथ्याशी. वाटेत निम्म्या बागा वाळलेल्या. झाडं तोडून सरपणाच्या थप्प्या लावल्यात. पण समोर डोंगर दिसला आणि पाय शिवशिवायला लागले. अमरावती विद्यापीठाकडून तीन वर्षं क्रॉस कंट्री पळले आहे, उगाच नाही.

काम सरळ आहे. नागपूरची एक कंपनी जानेवारीत इथे 'ट्रेल रन' घेणार, म्हणजे डांबरी रस्ता सोडून डोंगरातल्या पायवाटांवरची शर्यत. बारा किलोमीटरचा मार्ग मी आखायचा, खुणा करायच्या, तेरा तारखेला चाचणी घ्यायची. मार्ग पास झाला तर कायमची नोकरी. चार वर्षं शाळेत खेळाच्या तासाला कंत्राटावर शिट्टी फुंकली, जूनमध्ये ती नोकरीही गेली. चाचणीत माझी धाकटी बहीण आरजूसुद्धा पळणार आहे. पोलीस भरतीची तयारी करतेय, तिला चढाचा सराव होईल.

मुक्काम लीलाबाईंकडे. पन्नाशीला आलेल्या, एकट्या राहतात. नवरा, चंद्रभान, सतरा वर्षांपूर्वी चुनखडीच्या खाणीत गेला तो परत आलाच नाही. कपाळावर कुंकू मात्र रोजचं. "आमच्या हातचं तुमाले चालते न वं पोरी?" असं त्यांनी भीतभीत विचारलं. भूक लागली की मला सगळं चालतं, म्हटलं, आणि पातोड्यांच्या रश्श्याबरोबर तीन भाकरी हाणल्या.

६ डिसेंबर, रविवार

आज देवमनबरोबर वर गेले. हा गावातलाच, चाळिशीचा, खाणीत वाढलेला. कंपनीने मला वाट दाखवायला दिलाय. खालची जमीन काळीभोर, चढायला लागलं की पांढरीफटक. सगळी चुनखडी. वरचा ओढा चालता चालता एका भोकात शिरतो आणि नाहीसा होतो. पळायला जागा अप्रतिम, फक्त पाऊल जपून टाकायला हवं.

चढ संपताना एक खिंड लागते, जेमतेम अडीच फूट रुंद. वर जायला तेवढीच वाट. तिथे मधोमध भाकरीएवढ्या काळ्या दगडांचा ढीग आहे. गावात त्याला 'हजेरी' म्हणतात. वर जाताना शेताच्या बांधावरचा एक काळा दगड न्यायचा आणि तिथे ठेवायचा, उतरताना एक उचलून खाली आणायचा. खाणी चालू होत्या तेव्हापासूनची पद्धत. संध्याकाळी मुकादम ढीग बघायचा. दगड उरला म्हणजे माणूस आत राहिलं. मला पटलं. मी माझा ठेवला, उतरताना उचलला.

तरी सात उरले. हे कोणाचे, म्हणून मी विचारलं. देवमन म्हणाला, "ते वर हायेत." बस. पुढे विडी पेटवली.

८ डिसेंबर, मंगळवार

डोक्याला नुसता ताप! अंतर मोजायचं घड्याळ काल मार्ग ११.९ किलोमीटर दाखवत होतं, आज तोच १२.६. झाडांना बांधलेल्या लाल फिती बकऱ्यांनी खाल्ल्या. अंकुर सर, म्हणजे कंपनीचे साहेब, नागपुरात बसून उंटावरून शेळ्या हाकताहेत. मार्ग रुंद करा, फोटो पाठवा, फोटो अंधुक आहेत, पुन्हा पाठवा. आणि मोबाइलला रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर चढलं की. आज चार वेळा चढले. गावात कोणाला काही विचारावं तर उत्तर एकच, "असंच असते." मी हात टेकले.

९ डिसेंबर, बुधवार

साहेबांचा निरोप: खिंडीतला दगडांचा ढीग हटवा, कोणाचा पाय मुरगळला तर जबाबदारी कोणाची? उद्यापर्यंत फोटो नाही आला तर मार्ग रद्द.

देवमनला म्हटलं, ढीग बाजूला घेऊ. तो हात लावेना. का, तेही सांगेना. मान हलवून उभा. मी समजावलं की हजेरीसाठी आता नोंदवही असेल, प्रत्येकाच्या छातीवर नंबर असेल. पालथ्या घड्यावर पाणी. मग माझं डोकं फिरलं. चिडले की हाताला येईल ते भिरकावायची मला सवयच आहे, अम्मीच्या दोन बरण्या अशाच गेल्या. सातही दगड मी उताराच्या दिशेने एकेक करून भिरकावले. शेवटचा गडगडत पार खालच्या बांधाशी जाऊन पडला. देवमन माझी वाट न बघता खाली पळत सुटला. एवढा मोठा माणूस!

फोटो पाठवला. साहेबांचा अंगठा आला.

१० डिसेंबर, गुरुवार

देवमन आला नाही. घरी गेले तर दार बंद, आतून कडी.

परतले तर अंगणात बाजेवर एक माणूस बसलेला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा, पीठगिरणीतून आल्यासारखा. लीलाबाई लगबगीने घागर घेऊन आल्या. चेहरा असा फुललेला की मी ओळखलंच नाही. "आमच्या घरचे आले वं माय," म्हणाल्या. बेपत्ता माणूस सापडला, मला खरंच आनंद झाला. सुरतेला वगैरे असेल इतकी वर्षं, असं वाटलं.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. लीलाबाई पन्नाशीच्या आहेत. तो तिशी-पस्तिशीचा दिसतो, त्यांच्या धाकट्या भावासारखा.

तो अख्खी घागर प्यायला. आणि पिता पिता त्याच्या तोंडातून वाफ आली. कळीच्या चुन्यावर पाणी ओतल्यावर येते तशी.

११ डिसेंबर, शुक्रवार

एकटा तोच नाही. गावात सात घरी सात माणसं आली आहेत. सगळी पांढरी, सगळी गप्प. पाणी पितात आणि डोंगराकडे तोंड करून बसतात. घरोघरी गोडधोड शिजतंय, पण दारं लोटलेली.

देवमन टाकीखाली भेटला. त्याचा थोरला भाऊही आलाय. देवमनचे डोळे सुजलेले. हलक्या आवाजात म्हणाला, "वर जागा खाली झाली, मॅडम. हजेरी पुरी लागते. आता कोनाले वर धाडू नका." मी त्याला झापलं. अकरा पळणारे ठरलेत, वरूडहून रुग्णवाहिका ठरलीय, साहेब तारीख हलवणार नाहीत. गेले सहा महिने मी घरी बसून अब्बांच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मजुरीवर जेवतेय. आता ह्यांच्या अंधश्रद्धेपायी हेही सोडू?

ओरडून झाल्यावर हातातली फितींची गुंडाळी टाकीवर भिरकावली. रागानेच. रागानेच असणार.

१२ डिसेंबर, शनिवार

आरजू आली. येताक्षणी माझ्या फितींची टिंगल केली, गाठी सुटतील म्हणाली. हिचं तोंड माझ्यासारखंच आणि डोकंही तसंच, लगेच तापणारं. तिला पाहून बरं वाटलं.

चंद्रभान तिच्याकडे बघत होता. तीन दिवसांत पहिल्यांदा डोंगराकडची मान त्याने वळवली.

आरजूला म्हणावंसं वाटलं, उद्या पळू नकोस. पण कारण काय सांगू? आणि सगळ्यात वेगाने धावणारी तीच. साहेबांना तिची वेळ दाखवायची आहे.

१३ डिसेंबर, रविवार
सकाळी ७.४०

अकरा जण निघाले. आरजूचा नंबर चार. सगळे खिंडीतून वर गेलेले मी डोळ्यांनी पाहिले. नोंदवहीत अकरा खुणा केल्या.

सकाळी ९.३०

चार आले. सात नाहीत. आरजू नाही.

आलेले चौघे म्हणतात, ती तर आमच्या पुढे होती. मग आधी पोचायला हवी होती ना? मी त्यांच्यावर ओरडले. त्यांचा काय दोष.

सकाळी १०.५०

खिंडीतून वर गेले. शिट्टी फुंकली, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. सात जणांच्या बुटांचे ठसे एका सपाट खडकापर्यंत जातात. तिथे संपतात. पुढे नाही, मागे नाही, बाजूला नाही.

खाली येऊन, टाकीवर चढून साहेबांना फोन केला. म्हणाले, रस्ता चुकले असतील, खुणा नीट केल्या होत्या ना? फोन आपटला.

दुपारी १२

खिंडीत देवमन आला होता. हातात काळा दगड. त्याच्या भावाचा. उतारावरून शोधून आणला, स्वतःच्या हाताने हजेरीच्या जागी ठेवला आणि तोंड फिरवून उभा राहिला. थोड्या वेळाने त्याचा भाऊ चढून आला, आमच्या मधून वर गेला. देवमनने त्याच्या सदऱ्याला नुसता हात लावला.

आणि वरून नंबर नऊ उतरला! धडधाकट. मी पाच मिनिटं थांबलो होतो, असं म्हणतो.

आता कळलं. दगड शोधते आहे. काळे आहेत, पांढऱ्यात दिसतात —

दुपारी २.१५

देवमनने आणलेला धरून सहा सापडले. सहा ठेवले. सहा वर गेले, सहा पोरं खाली आली. बायका वेशीपर्यंत येऊन थांबल्या होत्या. कोणी मला शिवीसुद्धा दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

सातवा नाही. बांधाशी पडलेला. चंद्रभानचा.

आरजू अजून —

दुपारी ३

लीलाबाईंच्या ओटीत आहे तो दगड. परवाच उचलून आणला त्यांनी. पाया पडले. मावशी, माझी बहीण आहे, म्हटलं. त्या म्हणाल्या, "सतरा वर्सं, पोरी. तुले पाच घंटे झाले." मी हात धरला, बोटं उचकटायला लागले. किती बारीक बोटं. रडत होत्या, पण सोडत नव्हत्या. चंद्रभान बघत होता. त्याचे केस विंचरून त्यांनी भांग पाडून दिला होता.

मी हात सोडला. मला नाही जमलं. माझ्याच हाताने झालं हे सगळं, त्यांच्याकडून काय म्हणून हिसकावू?

हजेरी पुरी लागते. कोणाची, ते देवमन म्हणाला नाही.

दुपारी ४

बांधावरचा दगड घेतला. माझा. खिंडीत ठेवला आणि वरच्या बाजूला येऊन बसले आहे. खालचं गाव दिसतं, पण आवाज एकही येत नाही. तहान लागलीय. बाटली संपली. बाटली गरम कशी —

भीती वाटतेय. खूप. अम्मीला —

दिसली! आरजू. नंबर चार. लंगडतेय, पण चालतेय. या अल्लाह —

अगदी जवळून गेली. घामाचा वास आला. हाक मारली. वळली नाही. पुन्हा मारली. नाही ऐकू येत तिला.

खिंडीच्या पलीकडे थांबलीय. मला शोधतेय. तोंड हलतंय, आपा, आपा. रडतेय. आता चिडली. फितीला लाथ मारली. जा ना खाली, आरजू. जा —

तिला मी काहीच सांगितलं नाही. हजेरी, दगड, काहीच नाही. अंधश्रद्धा म्हणून —

वाकली. दगड उचलला तिने. नको. तो फेकलास तर मी उतरेन, आणि जागा रिकामी, आणि इथे सगळ्यात जवळ तू — आरजू, ठेव. खाली ठेव तो. हात मागे नको नेऊ, आरजू, तो माझा —