दिशाच्या हाताचा क्लच

मी, लीलाधर विठू मेहेर, वय वर्षे सहासष्ट, धंदा मोटारसायकल दुरुस्ती, राहणार पाली, भाईंदर पश्चिम, डोके ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. छातीने दोनदा दगा दिला आहे. पुन्हा देईल त्याआधी कामे उरकलेली बरी.

१. माझी पत्नी शालू आणि एकुलता मुलगा भूपेश हयात नाहीत. भूपेश गॅरेज उघडायला जाताना काशीमीऱ्याच्या नाक्यावर ट्रकखाली गेला. खडकांवर गाडी चढवणारा माझा पोरगा सपाट रस्त्यावर गेला, हे मला अजून पटत नाही. मागे त्याची पत्नी दिशा आहे. माझी वारस तीच.

२. पालीचे राहते घर दिशाला. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील.

३. गॅरेजातली हत्यारे माझा जोडीदार आत्माराम याला. क्लच खोलायचा पुलर तो नेतो आणि हरवतो. यापुढे स्वतःचाच हरवेल.

४. होडीतला माझा हिस्सा धाकटा भाऊ धाकू याला. भूपेशच्या तेराव्याला याने पंगतीत दिशाला विचारले की माहेरी कधी निघणार. भूपेशची गाडी भंगारात घालायलाही हाच सांगत होता. हिस्सा वडिलांचा म्हणून देतो. राग मी सोडलेला नाही, मेल्यावर सुटला तर सुटला.

५. ती गाडी म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल, भूपेशने सीट कापून ट्रायल्ससाठी बनवलेली. ट्रायल्स म्हणजे शर्यत नव्हे. खडकांवरून गाडी सावकाश न्यायची आणि पाय खाली टेकू द्यायचा नाही. सगळी मदार डाव्या हाताच्या एका बोटावर, म्हणजे क्लचवर. भूपेशचा पंजा दणकट, म्हणून त्याने कडक स्प्रिंगा घातल्या होत्या. तो गेल्यावर गाडी पडवीत ताडपत्रीखाली पडून होती. एका संध्याकाळी दिशाने ती बाहेर काढली. क्लच तिला दाबवेना. दोन्ही हातांनी दाबून पाहिला आणि तिथेच खाली बसून रडली. भूपेश गेल्यापासून ती पहिल्यांदा रडत होती.

मी मऊ स्प्रिंगा घातल्या. लिव्हर हलके झाले, पण चढावर क्लच घसरू लागला. इंजिन ओरडायचे आणि गाडी जागची हलायची नाही. मग कडक स्प्रिंगा परत बसवल्या आणि इंजिनाजवळचा क्लचचा आर्म वेल्डिंग करून बोटभर लांब केला. दाब कमी लागू लागला, पण प्लेटा पुरत्या सुटेनात. गिअर टाकला की गाडी पुढे सरकायची. नव्या सपाट प्लेटा ऑइलमध्ये भिजवून बसवल्या, नवी क्लच वायर टाकली आणि रोज वायरीचा ताण बदलणारा आटा थोडा फिरवत तिच्या बोटाला जुळवत गेलो. मुलासाठी करायचे जे राहून गेले, ते सगळे मी त्या क्लचमध्ये ओतले. मग एक दिवस ती पाय न टेकता खडकावर चढली. उतरल्यावर म्हणाली, “बाबा, एका बोटानं धरला हाय.”

ही गाडी दिशाची. लिव्हरला थोडा प्ले, म्हणजे मोकळी चाल, ठेवावी, अजिबात न ठेवल्यास प्लेटा जळतात. आत्मारामला हात लावू देऊ नये.

६. भाईंदर पूर्वेच्या इंद्रलोक वस्तीतला मितेश गोदामात नोकरीला आहे. रविवारी तोही खडकांवर येतो. त्याने घरी येऊन माझ्याकडे दिशाचा हात मागितला. मुलगा चांगला आहे आणि दिशाचा जीव त्याच्यात आहे, हे मला दिसते. तरी ती नाही म्हणाली. कारण विचारले तर भांडी घासता घासता म्हणाली, “तुमाला टाकून मी जायाची न्हाय. तुमचं होऊ दे, मंग बघू.”

तिच्या मनात पाप नव्हते. पण तिचा संसार माझ्या मरणाला बांधला गेला. ती थांबली याचे मला बरे वाटले, तेही लिहितो. एकट्याने जेवायला बसायची मला भीती वाटते. तरीही ती थांबलेली मला चालणार नाही.

वकीलबाई म्हणतात, मृत्युपत्रातले सगळे माणूस गेल्यावर लागू होते, म्हणून माझ्या हयातीतले हे कलम टिकणार नाही. मी म्हटले, लिहा. गाडी मी आजच दिशाच्या नावावर केली आहे. तिने लग्न करावे आणि ती गाडी घेऊन, मी जिवंत असताना, या घरातून निघावे. मुलाला मी खांद्यावरून नेले. या मुलीला मला दारात उभे राहून जाताना बघायचे आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे. मूळ कागद वकीलबाईंकडे. एक प्रत आजच दिशाच्या हातात दिली.

सही: लीलाधर विठू मेहेर

आमच्यासमक्ष सही केली:
१. बाबाजी काशिनाथ वैती, पाली
२. दिव्या सार्थक तांडेल, उत्तन

स्थळ: पाली, भाईंदर पश्चिम
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५