तक्रारीचा रकाना

मेहरूण, जळगाव
बुधवार, सकाळ

प्रिय प्रेमराज,
(पाकिटावर ‘आदरणीय फादर’ असं लिहिलं आहे, आत एवढंच पुरे.)

तुझा निरोप मिळाला. दृढीकरण-संस्काराच्या वर्गातल्या बारा मुलांचे रोजच्या चिंतनाचे कागद रविवारच्या आत धुळ्याला पाठवायचे आणि तू त्यातले चांगले निवडून किशोरांच्या पुस्तिकेत छापायला देणार. कागद पाठवणार नाही, आणि का नाही ते सांगण्यासाठीच हे पत्र. फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू मध्येच “अक्का, ऐक तर” म्हणतोस आणि मी ऐकते. इथे ती सोय नाही.

तुझा गुडघा कसा आहे? सुनंदाबाई परवा धुळ्याहून आल्या. त्या सांगत होत्या की वेदीपुढे गुडघे टेकताना फादर असे कण्हतात की लोकांना तो प्रार्थनेचाच भाग वाटतो. खुर्ची घे. देवाला चालते. माझी साखर ठीक आहे, कारण मी जे लोकांना सांगते ते स्वतःही करते. आपल्या घरात हा गुण मला एकटीलाच आला.

आता मुद्दा. इथले फादर उपचारासाठी पुण्याला गेले, महिन्यातून दोनदा तू येऊ लागलास आणि या मुलांना रोजची प्रार्थना आणि चिंतन यांची सवय लावायचं काम माझ्या गळ्यात घालून रविवारची मिस्सा संपताच दहाची एस.टी. धरलीस. चौतीस वर्षं मी वॉर्ड सांभाळले. तेरा-चौदा वर्षांची बारा मुलं म्हणजे बारा खाटा, असा मी हिशेब केला (चुकला). वॉर्डात जे लागतं तेच केलं: चार्ट. रकाने पाच. तारीख, प्रार्थना सकाळ-संध्याकाळ, तक्रार, कधीपासून, उपाय. ज्ञानचंदभाऊंच्या दुकानात झेरॉक्स काढल्या. त्यांनी चष्मा वर करून तो कागद दोनदा वाचला, म्हणाले, “बाई, आमच्या जैनांतही चुकांची आठवण काढून क्षमा मागायची असते, पण त्याला कागद लागत नाही,” आणि एक प्रत नातीसाठी ठेवून घेतली.

चूक ‘तक्रार’ या शब्दात झाली. आमच्यात पेशंटला पहिला प्रश्न हाच असतो, काय तक्रार आहे? म्हणजे दुखतंय कुठे? मला वाटलं, मुलं आपल्या आत्म्याचं दुखणं लिहितील. आळस, खोटं बोलणं, धाकट्या भावाला मारणं, असं. पण नगरपालिकेच्या खिडकीशी उभं राहावं तशी मुलं या रकान्याशी उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात समाधानने (आईचं माहेर पिंपळनेरचं, त्यामुळे रागावला की अहिराणीवर येतो) लिहिलं, “मनी माय मोबाइल कपाटमा ठी देस. कधीपासून: सहामाहीपासून. उपाय: देवानी मायले सांगो.” दिपमालाने लिहिलं, गणिताच्या पेपरच्या आधी नऊ दिवस जपमाळ केली, मार्क एकोणीस, आता कोणाकडे जायचं? एकाने तुझ्याबद्दल लिहिलं की फादरांचं प्रवचन जामनेरच्या गाडीसारखं आहे, मध्येच कुठेही थांबतं आणि निघायचं नाव घेत नाही. नाव सांगणार नाही. निरीक्षण बरोबर आहे. माझ्याबद्दलही होतं. मेट्रनबाई देवापेक्षा जास्त प्रश्न विचारतात.

आणि प्रार्थनेच्या रकान्यात खुणा! सातही दिवस, एकाच पेनाने, एकाच दाबाने. ड्यूटी संपताना बसून अख्ख्या वॉर्डाचं टेंपरेचर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार लिहिणाऱ्या नर्सा मी आयुष्यभर पकडल्या, मला हे शिकवतात. एका महाभागाने शुक्रवारीच रविवारची प्रार्थना केल्याची खूण केली होती. मी सगळ्यांना उभं करून तासभर झाडलं. देवाबद्दल तक्रार करायची असते का, वगैरे. दिपमाला म्हणाली, “बाई, पण स्तोत्रांत तर देवाला सारखं विचारलंय, किती दिवस आमच्याकडे बघणार नाहीस म्हणून. त्यांना कोण रागावलं?” घरी येऊन मी स्तोत्रं काढून बसले. पोरगी खरं बोलत होती. अर्धंअधिक पुस्तक तक्रारींचं आहे, आणि ‘कधीपासून’ हेही त्यात पुष्कळ ठिकाणी आहे. मी साठ वर्षं ते नुसतं म्हणत आले. दुसऱ्या दिवशी मुलांना सांगितलं, रकाना तसाच राहील. माझं चुकलं असंही सांगितलं (हे तू इतर कोणाला सांगू नकोस).

पुढचा आठवडा बरा गेला. मग एका मुलाने विचारलं की हे तुम्ही वाचता की देव वाचतो? मी कडक आवाजात म्हटलं, दोघं. त्या दिवसापासून त्या मुलाच्या तक्रारीच्या रकान्यात एकच नोंद यायला लागली, ‘काही नाही’. (मी मुद्दाम ‘मूल’ लिहिते आहे. मुलगा म्हटलं की तू चार दाढी फुटलेल्या पोरांवर नजर ठेवशील आणि मुलगी म्हटलं की आठ आयांना चहाला बोलावशील. तेव्हा इथून पुढे सगळं नपुंसकलिंगी.) बाकीच्यांच्या तक्रारी मला पुरून उरल्या होत्या, पण या ‘काही नाही’ने माझी झोप उडवली. कपाळाला घाम असताना ‘काही नाही’ म्हणणाऱ्या पेशंटकडे मी नेहमी आधी जायचे.

मी जाहीर केलं की आजपासून कागद मी वाचणार नाही. घडी घालायची, वर बँडेजची चिकटपट्टी लावायची, पट्टी शाबूत आहे एवढंच मी बघेन. सुगंधाबाईंनी (चर्चची झाडलोट करतात, वर्गाची उठाठेवही करतात) विचारलं, “मग पोरं कोरा कागद चिकटवून देतील, तुम्हाला काय कळणार?” म्हटलं, नाही कळणार. ते बघायचं काम मी देवाकडे सोपवलं आहे. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा कागद जाड लागला. आणखी दोन पानं जोडलेली घडीच्या कडेवरूनच कळत होती. आणि त्यानंतर सोमवारी, वर्ग सुटल्यावर, ते माझ्याजवळ येऊन बसलं आणि बोललं.

काय बोललं ते मी तुला सांगणार नाही. जिवाला धोका नाही, याची खात्री मी केली आहे, त्या कामात मी चुकत नाही. पण त्यात मोठ्या माणसाची गोष्ट आहे, चारचौघांत वेगळी सांगितली गेलेली, आणि ते मूल ती एकटं उचलून फिरतं आहे. छापील पुस्तिकेत नाव गाळलं तरी मेहरूणमध्ये ████ (खोडलेलं उजेडात धरून वाचू नकोस) दोन मिनिटांत ओळखतील. पापनिवेदनात ऐकलेलं तू मला कधी सांगितलंस का? मी विचारलंही नाही. पडद्याआडच्या खाटेवर ऐकलेलं मीही कधी ड्यूटीबाहेर नेलं नाही. तुझ्या तळहातांना तेल लावून बिशपांनी ते काम दिलं, मला कोणी तेल लावलं नाही, पण नियम तोच आहे.

तेव्हा पुस्तिकेसाठी कोरा चार्ट घे. तो चांगला आहे. तब्येत सांभाळ.

तुझी,
अक्का

ता.क. चार्टात ‘तक्रार’च्या जागी ‘पापे’ घालायचा विचार तुझ्या मनात आलाच असेल. घालू नकोस. पुन्हा ‘काही नाही’ येईल.

ता.क. २. वरचं सगळं कागदांबद्दल झालं. खरं काम वेगळंच आहे. मी त्या मुलाला म्हटलं, हे फादरांना सांग, मी अर्धीच कामाची. ते म्हणालं, “सांगणार होतो आम्ही, पण फादरांनी तर सगळ्यांचे कागद मागवलेत.” (‘आम्ही’ त्याने स्वतःहून म्हटलं. माझ्यापेक्षा हुशार आहे.) तेव्हा तू या शनिवारीच ये, आणि वर्गात सगळ्यांसमोर सांग की कागद मला नकोत. मग मागच्या बाकावर दोन तास नुसता बस. प्रवचन नको. एस.टी. रविवारची धर. जेवायला कळण्याची भाकरी आणि भरीत करते.

ता.क. ३. संध्याकाळ, वर्ग सुटल्यावर. नोंद. धुळ्याला निघालेल्या तोतारामभाऊंबरोबर तुझ्याकडे: हे पत्र, कोरा चार्ट एक, बिबड्या-पापडांचा डबा एक, गुडघ्याचं तेल एक बाटली. मुलांना ज्याचे त्याला परत: अकरा जणांचे सगळे कागद, पट्ट्या शाबूत. समाधानने तिथेच आपले फाडून खिशात घातले. बाराव्याचे घ्यायला ते मूल पुढे आलं, मग म्हणालं, शनिवारपर्यंत तुमच्याकडेच असू द्या, फादरांना मीच देईन. माझ्या कपाटात ठेवले आहेत. किल्ली त्याच्याकडे दिली.