उत्तर क्रमांक तीनखाली छापलेले माझे नाव

प्रति,
मा. नगरसचिव,
नगरपरिषद कार्यालय,
टॅमरॅक लँडिंग, उत्तर ऑन्टॅरिओ.

विषय : साप्ताहिकाला दिलेल्या उत्तरांत माझे नाव चुकीच्या प्रश्नाखाली गेल्याबाबत, व येत्या गुरुवारी ते योग्य प्रश्नाखाली जावे याबाबत.

संदर्भ : १) साप्ताहिक ‘लँडिंग मेसेंजर’, दि. ९ जानेवारी २०२५, पान तीन.
२) माझे अर्ज, दि. १०, १४ व २१ जानेवारी.
३) आपले पत्र, दि. २२ जानेवारी (“अर्ज मिळाले”).

महोदया,

मी एल्वुड हौटाला, वय सहासष्ट, कागद गिरणीतून निवृत्त. हा माझा चौथा अर्ज. अक्षर वाकडे आहे, कारण तो डाव्या हाताने लिहीत आहे. उजव्या हाताची दोन बोटे परिच्छेद ३ मध्ये मोडली आहेत.

१. वस्तीच्या कामांबद्दल साप्ताहिकाच्या संपादक गेलबाई दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लेखी प्रश्न देतात आणि बुधवारपर्यंत आपले कार्यालय लेखी उत्तरे देते. उत्तरांत प्रश्न पुन्हा लिहायचा नाही, नुसता क्रमांक टाकायचा, असा परिषदेचा जुना ठराव आहे. प्रश्न आपल्या कागदावर लिहिला की तो मान्य केल्यासारखे होते, असे तेव्हा एका सभासदाला वाटले होते. त्या वर्षी मीही परिषदेवर होतो आणि हात वर केला होता, हे नमूद करतो.

२. ६ जानेवारीला गेलबाईंनी सहा प्रश्न दिले. लायब्ररीच्या दारातला चाकखुर्चीचा उतार कधी पुरा होणार, हा पहिला. त्याला उशीर का झाला, हा दुसरा. बर्फावरच्या हॉकीची रिंक मोडून तिथे टेनिससारख्या पिकलबॉलचे मैदान करायचे कोणी ठरवले, हा तिसरा. एकतीस वर्षे या रिंकवर पाणी सोडून बर्फ कोण धरवते, हा चौथा. उरलेले दोन कुत्र्यांच्या बागेबद्दल आणि पुलाबद्दल होते. आपल्या कार्यालयाने पहिल्या दोहोंना मिळून एकच उत्तर दिले, आणि तिथून पुढचे प्रत्येक उत्तर एक घर वर सरकले. शेवटी ‘वस्तीच्या कामांत रस घेतल्याबद्दल आभार’ या वाक्यालाही सहा क्रमांक दिला, त्यामुळे सहाला सहा जुळले आणि कोणालाच शंका आली नाही. उशीर का झाला, याखाली छापले गेले, ‘परिषदेने, चार विरुद्ध तीन मतांनी’. पुलाचे कठडे कुजल्याचे परिषदेला माहीत आहे काय, याखाली आभार छापले गेले. आणि रिंक मोडायचे कोणी ठरवले, याखाली : ‘श्री. एल्वुड हौटाला. हे काम ते स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता करतात. परिषद त्यांची ऋणी आहे.’

३. त्याच गुरुवारी दुपारी ड्वेन तिबो कॉफीच्या दुकानात माझ्या टेबलाशी आला. त्याच्या दोन्ही मुली त्या रिंकवर खेळतात. त्याने हातमोजे काढून माझ्या कपाशेजारी ठेवले. याचा अर्थ आपल्या गावात पाळण्यातल्या पोरालाही कळतो. मोजे उतरले म्हणजे समोरच्याला सूचना मिळाली. एक जण पडेपर्यंत कोणी मध्ये यायचे नाही. पडला की हात द्यायचा आणि विषय संपवायचा. बर्फावरच्या खेळातली ही रीत गावात कधी शिरली ते मला ठाऊक नाही, पण तरुणपणी मीही ती पाळली आहे आणि दोघांचे जबडे फोडले आहेत. ड्वेन म्हणाला, “ऊठ म्हाताऱ्या. बसलेल्याला मारायची आमच्यात पद्धत नाही.” मी म्हणालो, “अरे ड्वेन, ते चौथ्या प्रश्नाचं उत्तर आहे.” तो म्हणाला, “आकडे मलाही वाचता येतात. तीनच्या खाली तीन आहे.” पहिल्या ठोशात नाक मोडले, दुसऱ्यात पुढचे दोन दात गेले, आणि पडताना खुर्चीत हात अडकून बोटे मोडली. मग त्याने मला उठवले, गुडघ्यांवर बसून माझे दात शोधले आणि कागदी रुमालात गुंडाळून माझ्या खिशात घातले. “माझ्याकडून मिटलं,” म्हणाला. ते खरोखरच मिटले. आता रोज रस्त्यात भेटतो तेव्हा नाकाची चौकशी करतो.

४. परंतु ड्वेनचे मिटल्याने इतरांचे मिटत नाही, आणि रिंकवर खेळणारी घरे अकरा आहेत. १३ तारखेला टपाल कार्यालयाच्या पायऱ्यांवर एक बरगडी गेली. १५ ला पेट्रोल पंपावर डावा कान. त्यात तेव्हापासून शिट्टी वाजते. १७ ला मुलींच्या संघाच्या प्रशिक्षिका शॉना यांनी मोजे माझ्या गाडीच्या टपावर नीट जोडीने ठेवले. “मला स्केटिंग तुम्हीच शिकवलंत, एल्वुडकाका, म्हणून जास्त झोंबलं,” असे म्हणून त्यांनी पोटात गुडघा मारला. १८ ला दोन भाऊ एकदम आले आणि आधी कोणी मारायचे यासाठी त्यांनी नाणे उडवले. हरलेला म्हणाला, “मी सोमवारी येतो.” सोमवारी तो आला. हे सर्व होत असताना मी दररोज दुपारी रिंकवर पाणी सोडत होतो, ज्यांनी मारले त्यांच्याच मुलांसाठी, हेही लक्षात घ्यावे.

५. १० जानेवारीला मी कात्रण घेऊन आपल्या टेबलासमोर उभा राहिलो, तेव्हा माझ्या नाकातला कापूस आपण पाहिला होता. आपण म्हणालात, “चूक आमची दिसतेय हो, हौटाला. पण दुरुस्ती म्हणजेसुद्धा उत्तरच झालं. आणि प्रश्न आल्याशिवाय परिषद उत्तर देत नाही.” मी गेलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “मी विचारलं ते छापलं, त्यांनी दिलं ते छापलं. आता पुढचे प्रश्न तीन फेब्रुवारीला.” तोवर मी काय करू, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तोवर हेल्मेट घालून हिंडा.” मी त्या दिवसापासून हेल्मेट घालू लागलो. एका ओळीसाठी पंचवीस दिवस थांबायला लावले, याचा मला अतिशय संताप आहे. तो मी मागच्या तीन अर्जांत लिहिला नव्हता.

६. लॉर्न पेलकोनेन आणि मी, रिंकवर एकतीस हिवाळे. तो पाण्याच्या पंपाशी, मी नळीशी. ९ जानेवारीनंतर तो पंपाशी आला नाही आणि माझ्याशी बोललाही नाही. सगळ्या गावाच्या ठोशांनी मिळून लागले नसेल इतके मला ते लागले. २९ जानेवारीला दुपारी तीन वाजता, उणे अठ्ठावीस अंशांत, मी कडेचा बर्फ खरवडत होतो. डोक्यावर हेल्मेट, कानात शिट्टी. मान वळवली तेव्हा लॉर्न पाच पावलांवर उभा होता. त्याने उजवा मोजा काढून बर्फावर टाकला, मग डावा. एवढ्या थंडीत उघड्यावर मोजे काढण्याचे दुसरे कारण मला सुचले नाही. त्याचे तोंड हलत होते. मला ऐकू आले नाही. त्याचा हात कोटात गेला. मी लोखंडी फावडे मोडक्या बोटांसकट दोन्ही हातांनी उचलले आणि त्याच्या डोक्यात घातले. तो पडला. रीतीप्रमाणे मी तिथे थांबायला हवे होते. मी आणखी दोनदा मारले. ड्वेनवर, त्या दोघा भावांवर, शॉनावर मी हात उचलला नव्हता. हा लॉर्न होता म्हणून मारले.

त्याच्या मुठीत कागद होता. ९ तारखेचेच कात्रण. त्याने पेन्सिलीने प्रत्येक उत्तराला बाण काढून ते एक घर खाली नेले होते, आणि समासात लिहिले होते, “एल्वुड, हे बघ. मी गाढव. उद्यापासून पंपाशी येतो.” जाड मोजे घालून खिशातून कागद काढता येत नाही. बर्फावर आयुष्य घालवलेल्या माणसाला हे सुचायला हवे होते.

७. लॉर्न शहरातल्या इस्पितळात आहे. त्याने अजून डोळे उघडलेले नाहीत. मी पोलिसांना सर्व सांगितले. त्यांनी लिहून घेतले, रिंकवर जायला मनाई केली आणि घरी सोडले. तेव्हापासून माझ्या दारात जेवणाची भांडी येत आहेत. ड्वेन सफरचंदाचा केक घेऊन आला आणि म्हणाला, “मोजे त्यानेच आधी टाकले ना? मग तुझं काही चुकलं नाही.” सारे गाव हेच म्हणते. लॉर्नच्या घरी एकही भांडे गेलेले नाही. त्याची बायको इर्जा मला इस्पितळाच्या दारात भेटली. तिने मला आत सोडले नाही. म्हणाली, “तू मारलंस ते मारलंस. पण तो मारायला आला होता असं लोक बोलतात, तेवढं थांबव. ते तुलाच थांबवता येईल.”

८. काल, ३ फेब्रुवारीला, गेलबाईंनी प्रश्न दिले आहेत. पहिला प्रश्न : ‘२९ जानेवारीस रिंकवर श्री. पेलकोनेन यांना कोणी मारले, आणि का?’ यावर ‘हा दोन व्यक्तींमधील वाद असून परिषद भाष्य करू इच्छित नाही’ असे उत्तर तयार असल्याचे आपल्याच कार्यालयातून कळले. दोन व्यक्तींमध्ये वाद नव्हता. सबब विनंती की,

(अ) या एका वेळी ठराव बाजूला ठेवून उत्तराच्या वर प्रश्न पूर्ण लिहावा.

(आ) त्याखाली असे उत्तर द्यावे : ‘श्री. एल्वुड हौटाला. श्री. पेलकोनेन भांडायला आले नव्हते. त्यांनी कागद काढण्यासाठी हातमोजे काढले होते.’

(इ) जागा कमी पडत असल्यास जानेवारीची दुरुस्ती छापू नये. रिंक मोडायचे मीच ठरवले असे गावाला वाटत असेल तर वाटू द्यावे. अकरातली उरलेली घरे अजून यायची आहेत, ती येऊ देत.

उत्तर उद्या, बुधवारी, जायचे आहे. मी सकाळी कार्यालय उघडण्याआधी पायरीवर बसलेला असेन. हेल्मेट घालणार नाही.

आपला, आजवर नम्र असलेला,
एल्वुड हौटाला
टॅमरॅक लँडिंग, दि. ४ फेब्रुवारी २०२५

सोबत :
१) ९ जानेवारीचे कात्रण, माझे.
२) ९ जानेवारीचे कात्रण, लॉर्न यांचे, याची छायाप्रत. मूळ पोलिसांकडे आहे. डाग पडला आहे, पण समासातली ओळ वाचता येते.
३) लॉर्न यांचे हातमोजे, एक जोड. पोलिसांनी बर्फावरून उचलले नाहीत. पाहून झाल्यावर इर्जाबाईंकडे द्यावेत. माझ्या हातून त्या घेणार नाहीत.