कोऱ्या रकान्याचा हिरवा दिवा

दि. ६ जानेवारी

चि. शंकूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. हो, वेळेवर जेवतो. हो, पायमोजे कोरडेच घालतो. बोगद्यावर मोबाइलला रेंज नाही, ऑफिसचा फोन कामापुरता, तेव्हा पुढच्या चौकश्याही शिध्याच्या गाडीनंच पाठव.

एक गंमत सांगतो. खडकातून सुटणारा, पेट घेणारा वायू मोजायचं माझं यंत्र भिजून बंद पडलंय. बोगद्याच्या छतातल्या खोबणीत तो किती साठलाय, तो आकडाच कळत नाही. मुकादम म्हणाला, शून्य टाक आणि मोकळा हो. मी म्हटलं, आमच्या बाबांनी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर शिकवलंय, माहीत नसेल तर जागा कोरी सोडायची. अंदाज ठोकला की कान पिरगाळायचे. तो पोट धरून हसला. ऑफिसातल्या संगणकावर तू लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये रोजचे आकडे भरताना मी तो रकाना कोराच सोडतो. वाटलं होतं तो कुरकुर करील, लाल दिवा लावून काम थांबवील, पण दिवा आपला हिरवा! बाईसाहेब, तुम्हीच काहीतरी सोय केलेली दिसते. नवं यंत्र पुढच्या आठवड्यात येईल, तोवर खोदकाम चालू.

माया आहेच, काळजी कमी कर.
तुझा दादा

दि. ८ जानेवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता वाचलं. मी कसलीही सोय केलेली नाही.

तुमच्या ऑफिसात फोन केला. कारकून म्हणाला, भाऊ आत आहेत, आणि दिवा हिरवा आहे ना, मग घाबरता कशाला? तो दिवा मीच लावलाय हे सांगताना माझी बोबडी वळली. त्याला काही पटलं नाही.

आमचे साहेब बाहेर आहेत, फोन उचलत नाहीत. त्यांच्या परवानगीशिवाय चालू प्रोग्रॅमला हात लावला तर नोकरी जाते. मी लावला. तुमचे सगळे दिवे लाल केले. आता तुमच्या ऑफिसातही कोणी फोन उचलत नाही. तोवर हे लिहीत बसलेय.

झालं काय ते सांगते. तू टाकलेला आकडा माझ्याकडे अक्षरं म्हणून येतो. मर्यादा मात्र खरी संख्या. दोन्हींची तुलना करायला सांगितली की आमची ही प्रोग्रॅम लिहायची भाषा अक्षरांची संख्या करून घेते, कोणाला न विचारता. सात लिहिलंस तर सात. मी तपासताना आकडेच टाकले, सगळं बरोबर आलं, मी खूश. कोरं टाकून पाहिलंच नाही. कोऱ्याचं ती शून्य करते. शून्य मर्यादेच्या आत, म्हणून दिवा हिरवा. तू ‘माहीत नाही’ असं लिहिलं असतंस तरी ती थांबली नसती, फक्त मर्यादा ओलांडली नाही एवढंच म्हणाली असती. मुकादमाला तू जे करू दिलं नाहीस, ते माझ्या प्रोग्रॅमनं रोज गुपचूप केलं.

बाबांच्या फळ्यासमोर आपण दोघंही बसायचो. तुझ्या लक्षात राहिलं.

फोन वाजतोय. थांबते. लोभ नंतर कर, आधी बाहेर ये.
शंकू

दि. ९ जानेवारी

चि. शंकूस,
अ. उ. आ.

फोनवर कारकुनानं सगळे बाहेर आले एवढंच सांगितलं असेल. उरलेलं ऐक. दिवा लाल झाला तसे सगळे तुझ्या नावानं बोटं मोडत निघाले. मुकादमाचं तोंड तर बाहेर येईपर्यंत चालू होतं, की घरबसल्या पोरी कामं बंद पाडतात.

शेजारच्या कामावरून यंत्र मागवलं. मी लांब काठीला बांधून ते खोबणीत धरलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी वर. त्याच खोबणीखाली दुपारी वेल्डिंग व्हायचं होतं. मुकादमानं यंत्र हातात घेऊन आकडा स्वतः वाचला. मग त्यानं मला विचारलं, की तुमच्या बाबांनी आणखी काय काय शिकवलंय. तुझे साहेब ओरडले तर फोन त्याच्याकडे द्यायचा, असंही तोच म्हणाला.

तुझा दुरुस्त प्रोग्रॅम आला. बाहेर बसून मी मुद्दाम रकाना कोरा सोडून पाहिला. लाल. आकडा टाकल्याशिवाय हलायलाच तयार नाही. हुबेहूब तुझ्यासारखा.

आणि तुझ्या एवढ्या लांब पत्रात तू कशी आहेस ते कुठंच नाही. माझ्याकडे कोरं म्हणजे लाल. ताबडतोब कळव.

दादा