डावी काडी, उजवी काडी

१४ जुलै २००३, सोमवार
सोमवार, उद्यमनगर बंद, आपलं वाइंडिंगचं दुकानही बंद. सुट्टी दुकानाला, मला नव्हे. सकाळी ह्यांची अंघोळ, मग चादरी, मग फिजिओबाई. फाल्गुनात झटका आला तेव्हापासून उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. आता एकच आवाज येतो, "हां". सुखाचा, रागाचा, भुकेचा, सगळ्याचा तोच.
बाईंनी रबरी चेंडू उजव्या हातात दिला. ह्यांनी डाव्या हातानं काढून कॉटखाली टाकला आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. बाई म्हणाल्या, "त्यांना काही करावंसं वाटलं पाहिजे. हाताचं रोज लिहून ठेवत जा." म्हणून ही वही. उजवा हात म्हणजे उ.हा. एवढंच लिहिणार.
उ.हा. तसाच.

१७ जुलै
पोटमाळा गळतोय. ट्रंका खाली काढल्या. एकीत ह्यांची ती रिमोटची गाडी. मित्रानं मस्कतहून आणलेली, जपानी, माळावर उड्या मारत पळवायची. लेक स्वाती शाळेत होती तेव्हा दर रविवारी रंकाळ्यामागच्या माळावर हे आणि ह्यांच्यासारखे तीन-चार रिकामटेकडे शर्यती लावायचे. मी भाकरी बांधून द्यायचे आणि मनात शिव्याही द्यायचे. कधी बंद पडलं आठवत नाही. गाड्या मोडल्या, माणसं पांगली.
बॅटरी फुगून पांढरी पावडर बाहेर आलीय. टायर वाळून कडक. पुढचं एक चाक लोंबतंय. पुसत बसले होते, सहज वर बघितलं तर हे भिंतीकडं नव्हे, इकडं बघत होते.
रिमोटला दोन काड्या. डाव्या काडीनं गाडी पळते, उजव्या काडीनं वळते. डावा हात ह्यांचा चांगला आहे. उजव्याला काम लागेल.
माझ्या डोक्यात हे आलं आणि आता जात नाही.
उ.हा. तसाच.

२१ जुलै, सोमवार
बाळूभावोजी आले. फौंड्रीत सुपरवायझर, थोरल्या भावापेक्षा आवाज दुप्पट. गाडी उलटीपालटी करून बघितली.
"वैनी, ह्येला काय झालंय? समदं हुतंय की!"
म्हटलं, जपानी सामान आहे, मिळणार कुठं?
"मिळवायचं कशाला? उद्यमनगरात बनत न्हाय असं काय हाय काय?"
ह्या गावाला बनवायची खाज आहे. बिघडलेलं दुरुस्त करून भागत नाही, मूळच्यापेक्षा दणकट करून दाखवायचं असतं. पण ते आले की घरात जरा हवा खेळते, हेही खरं.
उ.हा. तसाच.

२ ऑगस्ट
मोटर उघडली. आत तार जळलेली. पावसाळ्यात शेतीपंप बंद, दुकानात काम नाही, म्हणून चार दिवस हेच. लग्नानंतर वाइंडिंग ह्यांनीच शिकवलं मला, पहिली कॉइल माझ्याकडून तीनदा उकलून घेतली होती. तेव्हा रडले होते. पंपाची मोटर मांडीएवढी असते, ही अंगठ्याएवढी. चष्मा बदलायला झालाय. मान धरली.
दुपारी लाइट गेली तरी सेल लावून बघितली. फिरली! बारीक चिरका आवाज. आतल्या खोलीतून "हां!" आला. मी पदरानं डोळे पुसले आणि चहा टाकला.
उ.हा. तसाच. पण माणूस जागा आहे.

५ ऑगस्ट
शेजारच्या काकू म्हणतात, पौर्णिमेला वाडीला न्या, दत्ताच्या पायावर घाला. नेते म्हटलं. एस.टी.त ह्यांना कोण चढवणार हे काकू सांगत नाहीत.
उ.हा. तसाच.

१८ ऑगस्ट, सोमवार
भावोजी पुढचे आर्म घेऊन आले. पुढची चाकं ज्या दोन पात्यांवर असतात ती. मूळचं प्लास्टिकचं मोडलं होतं. भावोजींनी अल्युमिनियमचं ओतून, मशीनवर घासून आणलंय. आरशासारखं.
"आता बापजन्मात मोडायचं न्हाय. वरनं ट्रक गेला तर ट्रक पंक्चर!"
जोडून ह्यांना दाखवलं. हे एकदम उठायला बघायला लागले. हां, हां, हां, डावा हात हवेत. आम्हाला केवढा आनंद झाला! मी डब्यातला पेढा भरवला. तोंडातून बाहेर काढला. म्हटलं, जास्त गोड झाला असेल.
उ.हा. तसाच.

२४ ऑगस्ट, रविवार
वाईट दिवस.
ह्यांना खुर्चीवर दारात बसवलं. बॅटरी नवी, टायर भावोजींनी चांभाराकडून चिकटवून आणलेले. पहिल्यांदा चालवून बघू म्हणून रिमोट भावोजींच्या हातात. बोळात सुसाट सोडली आणि पायरीवर घातली. जोरात.
आर्मला चरा नाही. पण आर्म जिथं जोडला होता तिथं गाडीचा खालचा पॅन उभा फाटला. सगळं ज्यावर बसतं तोच. सगळं बदलून मिळेल, पॅन कुठला मिळणार!
भावोजी म्हणाले, "आयला."
ह्यांच्याकडं बघायची मला भीती वाटली. डोळ्यातून पाणी येत होतं, तोंड वाकडं. खुर्चीतून कॉटवर घेतलं तर भिंतीकडं वळले.
उ.हा. तसाच.

२७ ऑगस्ट
जेवत नाहीत. फिजिओबाईंना हात लावू दिला नाही.
पुण्याहून स्वातीचा फोन. "आई, कसल्या खेळण्याच्या मागं लागलीस? दुकान बंद कर आणि बाबांना घेऊन इकडं ये." लेक बरोबर बोलते. बरोबर बोलणाऱ्या माणसाचा इतका राग का येतो? फोन ठेवून दिला.
ह्यांचाही राग येतो. लिहिते तर खरं लिहिते. सगळं अंग गेलं तरी रुसणं तेवढं शाबूत. मी कुणाकडं तोंड करून झोपू?
उ.हा. बघितला नाही.

४ सप्टेंबर
ट्रंक परत पोटमाळ्यावर टाकायची म्हणून रिकामी केली. तळाशी पावडरचा डबा, हलवला तर खुळखुळ. उघडला. मोडलेले आर्म. मूठमूठभर. पण प्लास्टिकचे जपानी दोनच, बाकी सगळे पिवळट नायलॉनचे, कानशीनं घासून केलेले. प्रत्येक एकाच जागी मोडलेला.
डबा मांडीवर घेऊन बसले आणि आठवलं. हे कबनूरला यंत्रमागाच्या मोटरींच्या कामाला जायचे तेव्हा पिशवीतून तुटके पिकर आणायचे. मागावर धोट्याला ठोका देतो तो पिकर, नायलॉनचा. मी ओरडायचे, घरात कचरा कशाला आणता म्हणून. म्हणायचे, "हे मोडतंय म्हणून गाडी वाचतीय, मंगल." तेव्हा ऐकून सोडून दिलं होतं.
आर्म मोडायलाच केलेला असतो. धक्का त्यानं खायचा. आम्ही तो न मोडणारा केला, म्हणून धक्का आत गेला.
संध्याकाळी भावोजींसमोर डबा ठेवला. एकेक आर्म उचलून बघितला. म्हणाले, "त्या दिवशी दादा न्हाय न्हाय म्हणत हुता वैनी. आमी पेढा चारला."
उ.हा. तसाच. ह्यांना डबा दाखवला. वळून बघितलं.

१५ सप्टेंबर, सोमवार
ह्यांच्यापाशी शेजारच्या काकूंना बसवून एस.टी.नं कबनूरला गेले. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, हातवारे करून विचारलं. ह्यांना अण्णा म्हणणारं जुनं गिऱ्हाईक भेटलं, म्हातारा झालाय. मला बाहेर बाकावर बसवलं.
"अण्णा कुठं हायत? लई दिस झालं, इकडं फिरकलं न्हाईत."
सांगितलं. तो आत जाऊन पोतंभर पिकर घेऊन आला.
"न्या की वैनी. ढिगानं पडल्यात. लागलं तर आनी या."
येताना पोतं मांडीवर. झोप लागली, कंडक्टरनं उठवलं. खूप दिवसांनी इतकी गाढ झोप लागली होती. लाज वाटली, पण बरं वाटलं.
उ.हा. तसाच.

२३ सप्टेंबर
पॅनला भावोजींनी खालून पत्र्याची पट्टी मारून दिली. पातळ. "जाड मारू काय?" एवढं विचारलं आणि स्वतःच म्हणाले, "नगं."
आर्म मी घासायला घेतला. ह्यांनी "हां" केलं आणि डावा हात पुढं केला. कानस दिली. पाट मांडीवर ठेवला, त्यावर पिकर. पण डाव्या हातानं घासायचं तर तुकडा धरणार कोण? मी धरायला गेले, माझा हात बाजूला सारला. कानस खाली ठेवली. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि तुकड्यावर आणून ठेवला, वजन म्हणून. मग कानस घेतली.
मी स्वयंपाकघरात गेले. आमटी ढवळत उभी राहिले. बाहेर कानशीचा आवाज. ह्या घरात तो आवाज किती महिन्यांनी!
उ.हा. तसाच. पण कामाला आला.

३० सप्टेंबर
पहिला आर्म वाकडा झाला, दुसरा मोडला, तिसरा बसला. जेवायची वेळ झाली तरी पाट सोडत नाहीत. आता मी रागावते आणि हे ऐकत नाहीत, जुन्यासारखं. घामानं उशी भिजते.
काल उ.हा. तुकड्यावरून घसरला नाही. आधी घसरायचा. जड पडला होता की धरला होता, सांगता येत नाही.

४ ऑक्टोबर, खंडेनवमी
दुकानातलं वाइंडिंग मशीन, पक्कड, हातोडे, मीटर सगळं धुऊन पुसून मांडलं. मध्ये गाडी, तिला झेंडूची माळ. दोन्ही आर्म ह्यांनी केलेले. कुंकू लावलं.
भावोजींना दम निघेना. "एक चक्कर मारूया की वैनी, कोन बघतंय?"
म्हटलं, आज यंत्राला हात लावायचा नाही. आज त्यांचा दिवस. लोक वर्षातून एक दिवस यंत्राला विश्रांती देतात, बाईला तेवढीही नाही, पण ते असो.
हे दिवसभर माळ घातलेल्या गाडीकडं तोंड करून झोपले.
उ.हा. तसाच.

५ ऑक्टोबर, दसरा
दुपार कलली तशी सगळी पेठ दसरा चौकाकडं गेली. बोळ मोकळा. ह्यांना खुर्चीत बसवलं, रिमोट मांडीवर, डाव्या काडीवर डावा अंगठा. उजवा हात मी उजव्या काडीवर ठेवला. गार होता.
भावोजींनी गाडी मध्ये ठेवली. म्हणाले, "सोड दादा."
सुटली. एकदम सरळ. बोळ संपतो तिथं उघडं गटार. मी ओरडले, "अहो वळवा! वळवा की!" वेग कमी करत नाहीत. गाडीवर डोळे लावून बसलेत. गाडी गटाराच्या काठावर गेली आणि डावीकडं वळली. वळून विजेच्या खांबावर आदळली आणि उलटली.
भावोजी पळत गेले. "आर्म मोडला!" तिथनंच ओरडले. "पॅनला काय न्हाय, पॅन शाबूत!"
हे हसले. अर्ध्या तोंडानं, पण हसले. आवाज काढून. मी खाली पायरीवर बसले आणि रडले, आणि ते हसतच होते.
मग एकदम मनात आलं, वळली कशी? वळवायची काडी तर उजवी.
भावोजी काठावर जाऊन बघून आले. तिथं एक खडा आहे. "खड्याला लागून फिरली असंल वैनी. न्हाईतर…"
आम्ही दोघं गाडीकडं बघत होतो. हाताकडं कोणीच बघत नव्हतं. इतक्या महिन्यांत एक दिवस असा गेला नाही की मी त्या हाताकडं बघितलं नाही, आणि आज नेमकं.
ह्यांना विचारलं. माझ्याकडं बघितलं आणि मोडलेला आर्म मागितला, डाव्या हातानं. आता पाटावर ठेवून दुसरा घासतायत. सोनं द्यायला येणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलंय.
उ.हा.
पुढं काय लिहायचं ते कळत नाही. जागा सोडते.